ईस्टरचा मोगरा

सिसी आंटी उत्तनला गेलेल्या असताना त्यांच्या मोगऱ्याला मी पाणी घातलं. घालू नकोस असं त्यांनी बजावून सांगितलं होतं, तरी घातलं. आणि परत आल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा मी घातलं नाही असं सांगितलं. पहिलीला चूक म्हणता येईल. दुसरीला वेगळा शब्द आहे, आणि तो स्वतःसाठी वापरायला मला बरेच आठवडे लागले.

कुंडीतल्या झाडाला पाणी घातलं, त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. ऑफिसात एकाला सांगून पाहिलं तर तो हसला. म्हणून आधी सिसी आंटींबद्दल सांगायला हवं.

भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यातली आमची इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली. वरच्या मजल्यावर आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. सिसिलिया हे पूर्ण नाव फक्त लाइटबिलावर. मूळच्या समुद्रकाठच्या उत्तनच्या, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नेल्सन पुण्यात. उंची बेताची, केसांचा घट्ट अंबाडा, घरात फुलाफुलांचा झगा. गच्चीवर जाताना त्या झग्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढायचा आणि हिवाळ्यात डोक्याला टॉवेल. अशा वेषात त्या जिन्यात दिसल्या की मुलं बाजूला होऊन वाट देत.

नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. फोन उचलला की हॅलो नाही, थेट "बोला". सांगितलेली गोष्ट समोरच्याकडून परत म्हणवून घेत. खाली भाजीवाल्यालाही सोडत नसत. "आधा किलो भेंडी, पाव किलो मिर्ची, गाजर नहीं. क्या बोली मैं?" तो बिचारा मान खाली घालून म्हणून दाखवी. बोलणं इतरांसारखंच, सगळ्यांशी सगळ्या भाषांत; पण चिडल्या किंवा उत्तनच्या माणसांत गेल्या की त्यांचं 'हाय-न्हाय' बाहेर येई. जुन्या भाईंदरमधल्या कितीतरी घरांचे फोन नंबर त्यांना पाठ होते. त्यातले बरेचसे लोक आता नव्हते आणि ते नंबर तर मुळीच नव्हते.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागचा कोपरा सोसायटीने त्यांना दिला होता. तिथे रंगाचे रिकामे डबे आणि मासळी बाजारातून आणलेले थर्माकोलचे खोके, तळाला भोकं पाडून मातीने भरलेले. थंडीत त्यात वाल, मुळा, लाल माठ, टोमॅटो. आमच्याकडची थंडी ती काय, पहाटे पंखा बंद करावा लागतो एवढीच. पण झाडांना ती पुरते, आणि तिच्याबरोबर येणारी धूळ जास्तच पुरते. आजूबाजूला टॉवर उठतायत, हायवे जवळ. रात्रीचं दव पडलं की पानांवर करड्या चिखलाचा पापुद्रा धरतो. आंटी नवऱ्याच्या जुन्या बनियनचा तुकडा ओला करून एकेक पान पुसत. टोमॅटोवर पिठ्या ढेकूण आले तर साबणाचं पाणी आणि टूथब्रश. मी एकदा म्हटलं, "आंटी, पंप आणा ना, फवारा मारला की झालं."

"तुझे दात पंपानं घासतो?" त्या म्हणाल्या.

उन्हाळी वेलांची तयारी त्या जानेवारीतच सुरू करत. रात्री गार असतात, बी कुजतं, म्हणून दुधी-कारल्याच्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायच्या आणि डबा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवायचा, कारण तो गरम राहतो. बियांसाठी टीव्ही दिवसभर चालू. "दुधीला बातम्या लावल्या तरी चालतात," त्या सांगत, "कारल्याला सिरीयल लागते."

खत म्हणजे सुक्या मासळीची कुटी. उत्तनहून येई, बोंबील, जवळा, जे काय वाळवणात उरे त्याचा चुरा. खारेपणा जावा म्हणून ती पुन्हा पुन्हा धुवायची आणि मातीत खोल गाडायची. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन शुद्ध शाकाहारी, नाक तिखट.

"सिसीबेन, आज ऊपर क्या दबाया?"

"खाद."

"कैसा खाद?"

"समुंदर का."

हंसाबेनना सगळं कळत होतं. पण आंटी दुपारी वारा समुद्राकडून वाहायला लागल्यावरच कुटी काढत, म्हणजे वास हायवेकडे जाई. आणि उन्हाळ्यात हंसाबेनच्या दाराच्या कडीला सकाळी मोगऱ्याची पुडी लटकलेली असे, त्यांच्या देवासाठी. त्यामुळे भांडण कधी पुढे सरकलं नाही.

आता मोगरा. टाकीच्या भिंतीला लागून मोगऱ्याचे मोठे डबे होते, माहेरच्या झाडाच्या फांद्यांवरून केलेले. आंटींच्या माहेरच्या वाडीत गल्लीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे. ईस्टरच्या सकाळी त्याला त्यांच्या घरचा मोगऱ्याचा हार पडतो. आजीने घातला, आईने घातला, आता आंटी. फुलं घरची हवीत. पण ईस्टरची तारीख दर वर्षी हलते, कधी मार्चअखेर तर कधी एप्रिल सरत आल्यावर. मोगरा कॅलेंडर बघत नाही. तेव्हा त्याला त्या तारखेला आणायचं कसं, तर ताण देऊन.

ताण म्हणजे पाणी तोडायचं. ऐन हिवाळ्यात मोगऱ्याचं पाणी पूर्ण बंद. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग छाटायचं, मुळांजवळची माती उकरून ऊन द्यायचं, कुटी आणि शेणखत घालायचं, आणि मग पहिलं पाणी. ते पाणी मिळालं की झाड पानांच्या आधी कळ्यांच्या मागे लागतं. हे सगळं कधी सुरू करायचं याचा हिशेब आंटी ईस्टरपासून मागे मोजत येत. ईस्टर लवकर तर ताण लवकर. "थंडीत झाड झोपतं," त्यांचं म्हणणं. "झोपमोड झालेलं झाड आणि झोपमोड झालेला नवरा, दोघं त्या दिवसाच्या कामाचे नसतात."

यंदा ईस्टर लवकर होता. ताण सुरू झालेला आणि त्यातच उत्तनहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण मार्था अंगणात पडली, हात मोडला. आंटींनी बॅग भरली आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"भाजीला रोज पाणी. मोगऱ्याला थेंब न्हाय. काय सांगितलं?"

"भाजीला रोज, मोगऱ्याला नाही."

"मेला वाटला तरी?"

"तरी नाही."

सुरुवातीचे दिवस मी सांगितल्याप्रमाणे वागलो. पण रोज संध्याकाळी वाल-मुळ्याला झारी घालायची आणि बाजूला मोगरा सुकत चाललेला बघायचा. पानं वळली, पिवळी झाली, झारी नुसती घासून गेली तरी गळायला लागली. हंसाबेन कपडे काढायला वर आल्या, म्हणाल्या, "ये तो मर जाएगा, सुधीरभाई. सिसीबेन का जीव है इसमें." मला वाटलं, आंटींचा अंदाज चुकलाय. बहिणीच्या काळजीत निघाल्या, वय झालंय, बोलल्या असतील काहीतरी. थोडक्यात, त्यांच्या शब्दापेक्षा मी माझ्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवला. एका संध्याकाळी बादली भरून सगळ्या डब्यांत ओतली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. आठवड्याभरात पोपटी फूट आली, आणि मी झाडं वाचवल्याच्या आनंदात होतो. आंटी आल्या की त्यांना वर नेऊन दाखवायचं, असं ठरवून बसलो होतो.

त्या आल्या तेव्हा मी दारातच होतो. बॅग आत टाकून त्या तशाच वर गेल्या, मी मागून. मोगऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कोवळं पान बोटांत धरून सोडलं. मग डब्यातली माती चिमटीत घेतली.

"ताण मोडला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "आता परत द्यायला वेळ न्हाय. हा आता पानंच करणार. फुलेल तेव्हा ईस्टर होऊन गेलेला असेल." मग माझ्याकडे वळल्या. "सुधीर, पाणी कोणी घातलं?"

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि वर्षभर टोमणे. माझ्या तोंडून निघालं, "मी नाही, आंटी. मी भाजीलाच घालत होतो."

त्यांनी शंका घेतली नाही. तेच वाईट झालं. थोडा वेळ त्या डब्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मीच घातलं असणार. निघायच्या गडबडीत. सवयीनं."

मी झारी उचलून वालाकडे वळलो.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर, हळूहळू झालं. नेल्सन महिन्यातून एकदा यायचा. आईनेच त्याला सांगितलं, मी मोगऱ्याला पाणी घातलं आणि मला आठवत नाही. नेल्सन चांगला मुलगा आहे, म्हणूनच घाबरला. मग त्याला बाकीचंही दिसायला लागलं. दूध उतू गेलं होतं. बँकेत सही जुळली नव्हती. चष्मा शोधत होत्या आणि तो डोक्यावर होता. हे माझ्याकडूनही होतं. पण मोगऱ्याचं विसरणं ही गोष्ट वेगळी होती. "दादा, मम्मी माझा वाढदिवस विसरेल," तो मला जिन्यात म्हणाला, "पण मोगऱ्याचा ताण? ते ती विसरली म्हणजे काहीतरी मोठं आहे." त्याचं तर्कशास्त्र बरोबर होतं. फक्त त्याच्या तळाशी माझं खोटं होतं.

डॉक्टरकडे नेलं. त्याने चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले. सगळं वयाच्या मानाने ठीक, पण लक्ष ठेवा, म्हणाला. आणि मोठी विसराविसर काही झाली का, असं विचारल्यावर आंटींनी स्वतःच मोगऱ्याचं सांगितलं. नेल्सनने ठरवलं, ईस्टर झाला की आई पुण्याला. इथला फ्लॅट भाड्याने द्यायचा. दलाल माणसं घेऊन येऊ लागला. आंटींनी विरोध केला नाही. ज्या बाईने आयुष्यात कुणाला उलट बोलू दिलं नव्हतं, ती हॉलमध्ये खुर्चीत बसून परक्या लोकांना किचनचा ओटा बघताना बघत राही.

गच्चीवर मात्र त्या लढत होत्या, आणि ते बघणं मला सगळ्यात जड गेलं. प्रत्येक डब्याच्या काठाला त्यांनी कपड्यांचा चिमटा लावायला सुरुवात केली. पाणी घातलं की चिमटा उजवीकडे, दुसऱ्या सकाळी परत डावीकडे. पाणी घालता घालता जुने फोन नंबर पुटपुटत. एकदा मी मनाशी वाक्यं जुळवून वर गेलो, आज सांगून टाकायचं. तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "उभा राहा जरा. हे ऐक." त्यांनी नंबरांमागून नंबर म्हटले, नावांसकट, पार जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत. "आहे ना डोकं अजून?" त्यांनी विचारलं. चेष्टेने नव्हे. माझ्याकडून त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"आहे की," मी म्हटलं आणि खाली आलो.

बायको मेघा मला ओळखते. चिमट्यांकडे बघताना माझा चेहरा तिने पाहिला आणि एका रविवारी चहा ठेवता ठेवता विचारलं, "ते पाणी तुम्ही घातलं होतं ना?" मी हो म्हटलं. तिने गॅस बंद केला.

"आणि त्या बाईला वेड्यात काढताय सगळे."

"मी कुठे काढतोय?"

"तुम्हीच काढताय. बाकीचे नुसते मान डोलावतायत."

"सांगतो मी. योग्य वेळ बघून."

"तुम्ही वेळ बघा, घर भाडेकरू बघतायत," ती म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. पण मग तुम्ही या घरात कसे राहाल ते बघा."

तिने मुदत घातली नाही, पण मुदत होतीच. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भाडेकराराची नोंदणी ठरली होती. नेल्सन त्यासाठी रजा काढून येत होता आणि उत्तनला परस्पर पोचणार होता. आंटींना ईस्टरच्या सकाळी तिथे न्यायचं काम माझ्याकडे आलं. गाडी माझी, आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं.

भाईंदर पश्चिमेला फुलवाल्याकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. विकतचा हार घेतला, दाट ओवलेला, वर चांदीची फीत. फीत त्यांनी गाडीतच काढून टाकली. उत्तनपर्यंत रस्ताभर हार प्लास्टिकच्या पिशवीत मांडीवर होता. मी एकदा सुरुवात केली, "आंटी, एक सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "सुधीर, मी पुण्याला गेल्यावर गच्चीतले वालाचे डबे तू घे. दुधी मी यंदा लावला न्हाय. कुणासाठी लावू?" यानंतर मी गाडी चालवत राहिलो.

क्रूसाजवळ वाडीतली माणसं जमलेली. चर्चमधली मिस्सा आटपून आलेले, इस्त्रीचे कपडे, बायका लुगड्यात, कुणी साडीत. मार्था हाताला पट्टा बांधून उभी होती. नेल्सन तिच्या शेजारी. आंटींनी पिशवीतून हार काढला आणि मार्थाने लगेच पाहिलं.

"सिसी, हार इकतचा हाय?"

"इकतचा."

"आपला मोगरा?"

"फुलला न्हाय."

"असा कसा फुलला न्हाय? आपले घरात कवा असा झाला न्हाय."

आंटी वाडीतल्या सगळ्या बायकांसमोर, खाली न बघता म्हणाल्या, "ताणावर पानी घातला मी. आन इसरले. माजा डोका चालत न्हाय आता, मार्था. म्हणून तर नेल्सन नेतोय."

एक म्हातारी जीभ टाळ्याला लावून "च्" म्हणाली. कुणीतरी आंटींच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन झाला नाही. त्या बाईंच्या पाठीवर असा हात ठेवण्याची हिंमत आजवर कुणाची झाली नसेल.

"त्या विसरल्या नाहीत," मी म्हणालो. "पाणी मी घातलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बहुतेकांना मी कोण तेही माहीत नव्हतं. नेल्सन म्हणाला, "काय बोलताय, दादा?"

मग मी सगळं सांगितलं, आणि वाईट रीतीने सांगितलं. पानं कशी गळत होती, हंसाबेन काय म्हणाल्या, मला कशी दया आली, झाड मरेल असं मला कसं वाटलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात येत होतं की मी स्वतःची बाजू मांडतोय, पण थांबता येत नव्हतं. आंटी क्रूसाच्या पायरीवर बसल्या. हार मांडीवर.

"आणि मी विचारलं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"खोटं बोललो. मला वाटलं, तुम्ही—"

"तुला काय वाटलं ते मी विचारत न्हाय."

त्या समोर दोन्ही हात धरून बघत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. मग म्हणाल्या, "दूध तापवताना मी गॅससमोर उभी राहते, सुधीर. उतू जाईल म्हणून न्हाय. दूध ठेवलंय हे विसरेन म्हणून. घराला कुलूप लावते आणि खालून परत वर येते, बघायला. चौथा मजला." त्यांचा आवाज चढला नाही. "रोज रात्री मी प्रार्थनेत माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव म्हणून बघते. आठवतं का ते."

नेल्सनचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "मम्मी, फक्त मोगऱ्यामुळे नव्हतं ना ते. मला तुझी काळजी—"

"काळजी कर. पण सोमवारच्या माणसाला फोन कर आणि सांग, घर रिकामं न्हाय."

"आत्ता?"

"काय सांगितलं मी?"

नेल्सनने ते शब्द परत म्हटले आणि फोन काढून बाजूला गेला. वाडीतली माणसं पांगायच्या ऐवजी आणखी जवळ आली होती. मार्था माझ्याकडे असं बघत होती की तिचा हात पट्ट्यात होता हे माझं नशीब म्हणावं.

आंटींनी मान वर केली. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती तरी त्यांनी डोळे बारीक केले नाहीत.

"एवढं सगळं बोललास," त्या म्हणाल्या. "पानं गळली, दया आली, हंसाबेन आली. बोलायचं ते अजून बोलला न्हायस."

मी काय सोडून बोलत होतो ते मला तेव्हा कळलं. मी पायरीपाशी गेलो. कारणं सगळी संपली होती.

"आंटी, तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं नाही. आणि स्वतःची चूक तुमच्या डोक्यावर ठेवून तुम्हाला दोन महिने घाबरवलं. तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं. मला माफ करा."